साडेतीन हात जागा

म्हैसूरहून बंगळूरच्या रस्त्याला लागले म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटरांवर श्रीरंगपट्टण येते. कावेरीच्या दोन प्रवाहांनी वेढलेले हे एक बेट आहे. दसऱ्यासाठी म्हैसूरला गेलेला प्रवासी जाता-येता तिथे दोन-तीन तास मोडतो. रंगनाथस्वामीचे देऊळ, दर्या दौलत बाग, आणि हैदरअली व टिपू सुलतान जिथे शेजारी शेजारी विसावले आहेत तो गुंबज, एवढे पाहून तो पुढे जातो. काही वर्षांपूर्वी मीही असाच गेलो होतो. परतीच्या बसला अवकाश होता म्हणून पाय मोकळे करावयास नदीच्या बाजूला निघालो, आणि एका कुंपणाच्या आत जुनी थडगी दिसली. आत गेलो. त्या दुपारी तिथे मी सोडून पाहावयास कोणी आलेले नव्हते.

ती इंग्रजांच्या शिबंदीची दफनभूमी होती. १७९९ च्या मे महिन्याच्या ४ तारखेस श्रीरंगपट्टण पडले, टिपू लढता लढता मारला गेला, आणि किल्ल्यात इंग्रजांची फौज राहिली. त्या फौजेतील अधिकारी, शिपाई, त्यांच्या बायका आणि मुले अशांची सुमारे तीनशे थडगी तिथे आहेत. त्यांत इंग्रज आहेतच, पण 'द मेरॉन' नावाच्या पलटणीतले स्विस लोकही आहेत. ही भाडोत्री पलटण १७८१ मध्ये डच कंपनीच्या चाकरीसाठी उभारलेली होती. १७९५ मध्ये लंकेत तिने धनी बदलला, ती इंग्रजांकडे आली, आणि चार वर्षांनी श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात लढली. आल्प्सच्या पायथ्याशी जन्मलेली माणसे अशा रीतीने कावेरीच्या काठी येऊन निजली.

त्या बेटावर हिवतापाने फौजेला सुखाने राहू दिले नाही. १८०९ मध्ये बंगळूरची छावणी वसली आणि श्रीरंगपट्टणचे लष्करी महत्त्व ओसरले. फौज गेली, पण थडगी सोबत नेता येत नाहीत. ती मागे राहिली. पुढे त्यांच्यावर झाडे उगवली, शिलालेख झिजले, चुना सुटला. २००७-०८ च्या सुमारास मेरॉन घराण्यातले वंशज स्वित्झर्लंडहून आले आणि त्यांनी पुढाकार घेऊन ह्या जागेची डागडुजी करविली. आज ती नीटनेटकी दिसते ती त्यामुळे.

मी तिथल्या एका दगडावर बसलो आणि माझ्या मनात एक सरकारी नोकराला शोभेल असाच प्रश्न आला. ही जागा नेमकी कोणाच्या ताब्यातली? ज्याने ती निर्माण केली ती फौज निघून गेली. ज्या सत्तेची ती फौज होती ती सत्ताही गेली. दोनशे वर्षांनी विचारपूस करावयास येणारे वंशज लाखात एखाद्याला लाभतात. मग बाकीच्यांचे काय? माणूस मेल्यावर त्याला लागणारी साडेतीन हात जागा कोणी द्यायची, कोणी राखायची, आणि तो तिथे आला होता ह्याची नोंद कोणी ठेवायची?

कोणी म्हणेल, आपल्याकडे बहुतेक लोक दहन करतात. राख नदीला मिळाली की जागेचा प्रश्न मिटला. परंतु तसे नाही. चितेलाही जागा लागते, लाकूड लागते, पाणी लागते, पावसाळ्यात डोक्यावर छप्पर लागते. शिवाय महाराष्ट्रात मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू ह्यांच्याप्रमाणेच लिंगायत, गोसावी, नाथपंथी असे कितीतरी लोक मृताला भूमीच्या स्वाधीन करतात. संन्याशाला आणि तान्ह्या मुलाला इतरही पुरतात. खेड्यात हा प्रश्न सहसा उघड होत नाही, कारण गावाबाहेर माळ असतो, नदीचा काठ असतो, आणि कोणाचे मसण कुठे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. ते ठरलेले असणे नेहमी न्यायाचे असते असे नाही. त्याविषयी पुढे सांगेन. शहरात मात्र माळ उरत नाही, माणसे वाढतात, आणि प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो. आपल्या देशात हा प्रश्न एका मोठ्या शहराने कसा हाताळला हे पाहावयाचे, तर म्हैसूरची वाट सोडून मुंबईला आले पाहिजे.

मुंबई इंग्रजांच्या हाती आली तेव्हा त्यांनी आपल्या मृतांसाठी बेटाच्या दक्षिण टोकाला जागा धरली. तिला 'मेंढॅम्स पॉइंट' म्हणत; तिथे जो पहिला पुरला गेला त्याचे हे नाव. त्या काळी मुंबईची हवा युरोपियनांना फार मानवत नसे. विलायतेहून आलेला कारकून दोन पावसाळे काढील तर नशीबवान, असे समजले जाई. तेव्हा ही जागा भरत जाण्यास फार काळ लागला नाही. पुढे किल्ल्याच्या बंदोबस्ताला ती अडचणीची वाटू लागली, आणि १७६० नंतरच्या दशकात इंग्रजांनी आपली दफनभूमी किल्ल्याबाहेर, बॅक बेच्या किनाऱ्याला, सोनापूर येथे नेली.

सोनापूर! मराठी माणसाला ह्या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. मुंबईतल्या एका जागेचे हे नाव हळूहळू स्मशानालाच पर्यायशब्द होऊन बसले. 'मसण' हा शब्द तोंडातून काढणे जड जाई, तेव्हा घरातली वडील माणसे 'सोनापुरास पोचविले' असे म्हणत. आजच्या मरीन लाइन्स स्टेशनापाशी, महर्षी कर्वे मार्गाच्या कडेला, ही जागा. तिथे हिंदूंच्या चिता पेटत, जवळच मुसलमानांचे मोठे कबरस्तान होते, आणि ख्रिस्त्यांची थडगीही होती. जिवंतपणी वेगवेगळ्या वाड्यांत आणि मोहल्ल्यांत राहणारी मुंबई सोनापुरात एकमेकींच्या शेजाराला येई.

ही व्यवस्था शंभर वर्षे चालली. मग एकोणिसाव्या शतकाचा मध्य आला आणि मुंबई अकस्मात फुगली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस बंद झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसासाठी मुंबईकडे धावल्या. १८६४ साली शिरगणती झाली, तीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. ज्या बेटावर एवढी माणसे राहतात तिथे रोज किती मरत असतील ह्याचा अंदाज कोणालाही करता येईल. सोनापूर आता गावाबाहेर राहिले नव्हते. वस्ती त्याला येऊन भिडली होती आणि किनाऱ्याने आगगाडीही आली होती.

त्याच सुमारास युरोपातही शहरांच्या आतली जुनी दफनस्थाने बंद करण्याची मोहीम चालली होती. पॅरिसने १८०४ मध्येच पेर लाशेजची विस्तीर्ण दफनभूमी तेव्हाच्या शहराबाहेर उघडली. लंडनमध्ये पटकीच्या साथींनी हाहाकार उडाल्यावर १८५२ मध्ये कायदा झाला आणि गर्दीने भरलेली चर्चची आवारे बंद होऊ लागली. पटकी दूषित पाण्यातून पसरते ही गोष्ट तेव्हा सर्वमान्य झाली नव्हती. कुजक्या पदार्थांतून उठणारी दूषित हवाच सगळ्या साथींचे मूळ आहे, अशी वैद्यांची समजूत होती. समजूत चुकीची, पण तिच्यातून निघालेली कामे पुष्कळशी उपयोगाची, असा हा प्रकार. गटारे, नळ, बाजार आणि दफनभूमी ही चारही कामे नगरशासनाच्या एकाच यादीत आली ती ह्याच विचारातून.

१८६५ साली मुंबईच्या नगरपालिकेची नव्या कायद्याने पुनर्रचना झाली आणि आर्थर क्रॉफर्ड हे तिचे पहिले आयुक्त झाले. डॉक्टर ह्यूलेट हे आरोग्याधिकारी झाले. क्रॉफर्ड धडाडीचे आणि खर्चिक. त्यांनी उभारलेली मंडई १८६९ मध्ये पुरी झाली. पुढे तिला महात्मा जोतिबा फुले ह्यांचे नाव मिळाले. त्याच क्रॉफर्ड ह्यांनी आल्याबरोबर शहराच्या पूर्व कडेला, शिवडी येथे, दफनभूमीसाठी जागा मिळविली. आरंभी ती मुख्यत्वे युरोपियनांसाठी होती. पुढे ती सर्व ख्रिस्त्यांची झाली, आणि आजही ती वापरात आहे.

ह्या जागेचा पूर्वेतिहास मोठा मनोरंजक आहे. १८३५ च्या सुमारास ही भूमी सरकारने कृषी व उद्यानविद्येला वाहिलेल्या एका मंडळाला दिली होती आणि तिथे वनस्पतींची बाग होती. दफनभूमीसाठी जागा लागू लागली तेव्हा त्या बागेला तिथून उठावे लागले. झाडे उचलून भायखळ्याकडे नेण्यात आली, आणि तिथे जे उद्यान तयार झाले ते १८६२ मध्ये लोकांना खुले झाले. मुंबईकर ज्याला राणीचा बाग म्हणतात आणि ज्याला पुढे वीरमाता जिजाबाई भोसले ह्यांचे नाव दिले गेले, तेच हे उद्यान. लहान मुले जिथे प्राणी पाहावयास जातात ती बाग आणि शिवडीची दफनभूमी ह्यांचे असे जवळचे नाते आहे.

परंतु युरोपियनांची थडगी हलविणे निराळे आणि हिंदूंचे स्मशान हलविणे निराळे. सोनापुरातले दहन बंद करून ते दूर कुठेतरी न्यावे, असा विचार निघाला तेव्हा हिंदू समाजात खळबळ झाली. प्रेत खांद्यावरून न्यावयाचे, सोबत आप्तेष्ट पायी चालणार. गिरगावातून आणि भुलेश्वराहून कोसभर दूर तिरडी कशी न्यावी? श्रीमंताला गाडी मिळेल, गरिबाने काय करावे? समुद्राचा काठ सोडून अस्थींचे काय करावे? नाना शंकरशेट ह्यांनी लोकांची ही बाजू सरकारपुढे मांडली, आणि स्मशान सोनापुरातच राहिले. नाना १८६५ मध्येच निवर्तले. मुंबईत रेल्वे आणण्यासाठी आणि शिक्षणासाठी त्यांनी जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. पण गरिबाच्या तिरडीला फार चालावे लागू नये म्हणून त्यांनी केलेली खटपटही तितकीच मोलाची होती असे मला वाटते. ह्या प्रसंगातून नगरशासनाला एक धडा मिळाला. आरोग्याधिकाऱ्याचे म्हणणे खरे असले तरी मृत्यूच्या बाबतीत केवळ हुकूम पुरत नाही. लोकांचे मन वळवावे लागते, किंवा त्यांचे ऐकावे लागते.

क्रॉफर्ड ह्यांच्या उधळेपणाविरुद्ध १८७१ मध्ये करदात्यांनी मोठे आंदोलन केले आणि त्यांना जावे लागले. १८७२ च्या कायद्याने नगरपालिकेत लोकनियुक्त सभासद आले. मग १८८८ चा कायदा आला, ज्याच्या पायावर मुंबई महानगरपालिकेचा कारभार आजतागायत चालत आला आहे. ह्या कायद्यात मृतांच्या व्यवस्थेसंबंधी स्वतंत्र कलमे आहेत. कलमांची भाषा रुक्ष, पण अर्थ मोठा. दहनाची वा दफनाची प्रत्येक जागा नोंदलेली असली पाहिजे. आहेत त्या जागा अपुऱ्या पडल्या तर नव्या जागेची तजवीज झाली पाहिजे. परवानगीवाचून नवी जागा कोणी उघडू नये. एखादी जागा आरोग्यास घातक झाली तर ती बंद करता यावी. आणि पुरलेला देह परवानगीवाचून कोणी उकरू नये.

ही कलमे वाचताना मला श्रीरंगपट्टणच्या थडग्यांची आठवण होते. तिथे जबाबदारी फौजेची होती, आणि फौज हे फिरते गाव. इतरत्र ती धर्मसंस्थेची असते, जातीची असते, घराण्याची असते. ह्यांपैकी प्रत्येकाचे दार आपल्या माणसापुरते उघडे. पण ज्याला कोणीच नाही, जो रस्त्यावर पडून मेला, ज्याचे नाव गाव कोणाला ठाऊक नाही, त्याची जबाबदारी कोणाची? ती शहराची, असे उत्तर नगरपालिकेने स्वीकारले, हा ह्या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे. छावणी उठते, घराणी संपतात. शहर मात्र आपल्या जागी राहते आणि त्याचे दप्तरही राहते.

शिवडीच्या त्या भूमीत शहराशी ज्यांचे नाते घट्ट होते अशी काही माणसे आहेत. बोरीबंदरचे भव्य स्थानक ज्यांनी रचले आणि त्याच्या समोरची नगरपालिकेची इमारतही ज्यांनी उभारली, ते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १९०० मध्ये मुंबईत वारले. त्यांचे थडगे इथे आहे. ज्यांच्या आराखड्यावरून गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले ते जॉर्ज विटेट १९२६ मध्ये वारले. तेही इथेच आहेत. आणि मराठी माणसाने आवर्जून आठवावे असे नाव म्हणजे जोसेफ बॅप्टिस्टा. माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेले, लोकमान्य टिळकांचे स्नेही, १९१६ मध्ये बेळगावला स्थापन झालेल्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, कामगारांचे वकील. लोक त्यांना 'काका' म्हणत. १९२५ मध्ये ते मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९३० मध्ये वारले. ज्या नगरपालिकेच्या खुर्चीवर ते बसले तिच्याच भूमीत त्यांना अखेरची जागा मिळाली. त्यांचे मित्र लोकमान्य १९२० मध्ये गेले, तेव्हा त्यांचे दहन कोणत्याही स्मशानात न होता खास परवानगीने गिरगावच्या चौपाटीवर झाले. लोकांच्या प्रेमाने एकाला नेहमीची सीमा ओलांडावयास लावली, दुसऱ्याने सीमेच्या आत इतरांच्या रांगेत जागा घेतली. दोन्ही गोष्टी आपापल्या परीने शोभणाऱ्या आहेत.

परंतु दफनभूमीचे खरे महत्त्व मोठ्या माणसांच्या थडग्यांत नाही. ते तिथल्या कचेरीतल्या नोंदवहीत आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या महिन्यांत सक्तीच्या तपासणीच्या आणि रुग्णालयाच्या भीतीने लोक रोगी लपवू लागले, मृत्यूचे खरे कारण लपवू लागले. अशा वेळी घराघरांतून खरी बातमी मिळत नाही. पण स्मशानात आणि दफनभूमीत रोज किती देह आले, हा आकडा सहसा लपत नाही. साथ किती पसरली आहे हे शहराला कळते ते शेवटी ह्याच वहीतून. प्लेगने नगररचनेलाही जाग आणली. मुंबईत १८९८ मध्ये सुधारणा मंडळ स्थापन झाले. प्लेगचा तडाखा बसलेल्या म्हैसूर शहरानेही १९०३ मध्ये तसेच मंडळ नेमले. रुंद रस्ते, मोकळ्या वस्त्या आणि हवेशीर घरे ह्यांची कल्पना आपल्या शहरांत रुजली त्यामागे मृतांची ही गणती उभी आहे.

नोंदवहीचे मोल मला पुस्तकांतून कळले नाही, माझ्याच मेजावर कळले. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कनिष्ठ कर्मचाऱ्याची विधवा कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी खेपा घालीत होती. तिचा नवरा प्रवासात एका परक्या शहरात अकस्मात गेला होता. तिथल्या चार भल्या माणसांनी त्याचे दहन केले, गावाहून भाऊ गेला तो अस्थी घेऊन परतला. मृत्यूचा दाखला घ्यावयाचा असतो हे त्या गडबडीत कोणाला सुचले नाही. माणूस मेला हे सगळ्या गावाला ठाऊक, पण कागदाला ठाऊक नाही. 'दाखल्याअभावी विचार करता येत नाही' असा शेरा त्या फायलीवर मीच मारला होता. नियमाप्रमाणे तो बरोबर होता. पुढे कामानिमित्त मला त्याच शहरी जावे लागले, तेव्हा मनाची टोचणी लागून मी तिथल्या नगरपालिकेच्या स्मशानात गेलो. तिथल्या कारकुनाने जुन्या वह्या काढल्या. तारखेवरून पान सापडले. आडनाव चुकीचे लिहिलेले, वय अंदाजाने टाकलेले, पण गाव बरोबर होते, आणि लाकडे कोणी आणली त्याचे नावही होते. त्या एका ओळीवरून रीतसर दाखला निघाला आणि त्या बाईंचे वेतन सुरू झाले. ती ओळ लिहिणाऱ्या कारकुनाला आपण कोणाच्या घरची चूल पेटविली हे कधीच कळले नसेल. त्या दिवसापासून फायलीवर शेरा मारताना माझा हात थोडा थबकतो.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने ही गोष्ट साऱ्या देशाला लागू केली. घरातल्या कर्त्या माणसाने, रुग्णालयाने मृत्यूची खबर द्यावयाची आहेच. पण दहन-दफनाच्या जागेचा जो राखणदार, त्याच्यावरही खबर देण्याचे कर्तव्य ह्या कायद्याने टाकले आहे. ज्याला समाजाने आजवर दारात उभे केले नाही तो मसणातला माणूस अशा रीतीने राज्याच्या दप्तराचा एक दुवा झाला. वारसाहक्क, विमा, निवृत्तिवेतन, मुलांच्या नावावर व्हावयाचे घर, हे सगळे त्या दुव्यावर अवलंबून असते.

आता मघाशी सोडलेला धागा घेतो. गावोगावी कोणाचे मसण कुठे हे ठरलेले असते, आणि ते जातीने ठरलेले असते. आपल्याकडे कित्येक गावांत अस्पृश्य मानलेल्यांना गावच्या स्मशानात जागा नव्हती. पावसाळ्यात ओढ्याच्या काठी, उघड्यावर, ओल्या लाकडांनी त्यांना आपल्या माणसांचे दहन करावे लागे. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. त्यात विहीर, पाणवठा, रस्ता ह्यांच्या जोडीने स्मशान आणि दफनभूमी ह्यांचाही उल्लेख आहे. तिथे कोणाला अडविणे हा गुन्हा ठरला. कायदा झाला म्हणजे सगळे झाले असे नाही. वर्तमानपत्रांत अजूनही मधूनमधून प्रेत अडविल्याची बातमी येते आणि मान खाली जाते. पण ज्या शहरात स्मशान नगरपालिकेचे असते तिथे रखवालदार जात विचारीत नाही, दाखला विचारतो. हा बदल लहान नाही.

ह्या बदलाची सर्वांत मोठी खूण मुंबईतच आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी, ७ तारखेस, दादरच्या चौपाटीवर, स्मशानभूमीलगत, लाखो लोकांच्या साक्षीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी पुढे स्तूप उभा राहिला आणि १९७१ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. ज्यांच्या पूर्वजांना गावच्या मसणातही थारा नव्हता, ते दरवर्षी ६ डिसेंबरला लाखांच्या संख्येने चैत्यभूमीला येतात. स्मशानाच्या कडेची जागा तीर्थ झाल्याची अशी उदाहरणे जगात फार नाहीत.

तरी नगरपालिकेने जबाबदारी घेतली म्हणजे प्रश्न संपला, असे कोणी समजू नये. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे सगळे वाद पुन्हा उभे राहिले. मार्च महिन्याच्या ३० तारखेस मुंबई महानगरपालिकेने सर्व करोनामृतांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असा आदेश काढला, आणि तो थोड्याच वेळात बदलला. दफनाला मुभा मिळाल्यावर वांद्र्याच्या काही रहिवाशांनी जवळच्या कबरस्तानांत असे दफन नको म्हणून न्यायालयात धाव घेतली. २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. दफनामुळे रोग पसरतो ह्याला आधार नाही, आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा माणसाच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा त्या निकालाचा आशय होता. नाना शंकरशेट ह्यांच्या काळी जो प्रश्न अर्ज-विनंत्यांनी सोडविला गेला त्याला आता संविधानाचा आधार मिळाला, एवढी प्रगती आपण निश्चित केली आहे.

जागेची टंचाई मात्र कायद्याने हटत नाही. मुंबईसारख्या शहरात कायमची कबर ही दुर्मिळ गोष्ट झाली आहे. ठरावीक काळ गेल्यावर तीच जागा दुसऱ्याला द्यावी लागते. पहिल्या महायुद्धातील सैनिकांचेही असेच झाले. भारत आणि पाकिस्तानातल्या निरनिराळ्या दफनभूमींत पुरलेल्या, पण ज्यांची थडगी पुढे राखता येईनात अशा अठराशेहून अधिक जणांची नावे पुण्याजवळ खडकी येथल्या स्मारकावर एकत्र कोरली आहेत. थडगे गेले, नाव उरले. दहन करणाऱ्यांच्या वाट्याला तर थडगे नसतेच. तेव्हा सर्वांसाठी अखेर जे उरते ते नावच, आणि ते कोणीतरी नीट लिहून ठेवावे लागते.

श्रीरंगपट्टणाहून निघताना मी त्या थडग्यांवरची नावे वाचण्याचा प्रयत्न केला. काही वाचता आली, काहींची अक्षरे पार पुसून गेली होती. बाहेर रस्त्यावर म्हैसूरच्या दसऱ्याची गर्दी वाहत होती. माझ्या मनात आले, आपण आपल्या गावाची प्रशंसा करतो ती त्याच्या देवळांवरून, बाजारांवरून, शाळांवरून. कधी एखाद्या सकाळी, कोणाला पोचवावयाचे नसताना, आपल्या गावच्या स्मशानात जाऊन यावे. तिथे छप्पर आहे का, नळाला पाणी आहे का, लाकडे कोरडी आहेत का, दार सर्वांना सारखे उघडते का, आणि कचेरीतल्या वहीत कालच्या तारखेच्या ओळी नीट भरल्या आहेत का, एवढे पाहावे. नसतील तर नगरपालिकेला एक पत्र लिहावे. ज्याच्यासाठी आपण ते लिहू तो आपले आभार मानावयास येणार नाही. पण त्याच्या घरची माणसे दाखला मागावयास येतील, तेव्हा तो त्यांच्या हाती पडेल.